कंपनीचा ब्लॉग कुठे ठेवायचा? नाशिकच्या लहान उद्योगांसाठी, अगदी पहिल्या पायरीपासून

अंबड-सातपूरच्या गाळ्यांमध्ये आणि पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमध्ये जे ज्ञान रोज कामाला येतं, त्यातलं फार थोडं मराठीत लिहिलेलं सापडतं. युरोपला द्राक्षं पाठवायची तर ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेवर) नोंदणी कशी होते, फळावर उरलेल्या कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी कधी करून घ्यायची, डायला पुन्हा धार लावायची की ती मोडीत काढायची, हे सगळं लोक फोनवर विचारतात आणि मालक फोनवरच सांगतात. दुसऱ्या दिवशी दुसरा कोणी तेच विचारतो. ही उत्तरं लिहून ठेवायची जागा म्हणजे कंपनीचा ब्लॉग. नाशिकमधल्या प्रत्येक चांगल्या उद्योगाने तो चालवावा असं मला मनापासून वाटतं.

लिहायचं ठरलं की बहुतेक जण विचारतात, "वर्डप्रेस घेऊ की ब्लॉगर?" हा प्रश्न खरं तर शेवटी यायला हवा. आधी पत्ता ठरवा, मग लिहिणारा आणि सांभाळणारा माणूस, मग खर्च, आणि त्यानंतर सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर चार वर्षांनी बदलता येतं. पत्ता बदलला तर लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवलेले सगळे दुवे मरतात, आणि गूगलमध्ये मिळवलेली जागाही बऱ्याचदा हातची जाते.

पायरी १ : पत्ता कंपनीच्या नावावर करून घ्या

पत्ता म्हणजे डोमेन. सातबारा कोणाच्या नावावर आहे हे न पाहता कोणी विहीर खोदत नाही, पण डोमेन कोणाच्या नावावर आहे हे न पाहता वर्षानुवर्षं लेख टाकणाऱ्या कंपन्या आपल्याकडे भरपूर आहेत. होतं असं की वेबसाइट करून देणारा मुलगा डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतो, कारण ते त्याला सोपं पडतं. त्यात नेहमी लबाडी असते असं नाही. पुढे तो पुण्याला नोकरीला लागतो, त्याचा नंबर बदलतो आणि नूतनीकरणाची आठवण करून देणारी मेल त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहते.

म्हणून आजच एक काम करा. डोमेन जिथून घेतलं त्या रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः लॉगिन करून पाहा. लॉगिनच तुमच्याकडे नसेल तर डोमेन तुमच्या ताब्यात नाही असं समजा. खातं उघडलं तर तीन गोष्टी तपासा. नोंदणीच्या रकान्यात कंपनीचं नाव आहे का, मोबाईल कोणाचा आहे, आणि ईमेल कोणता दिला आहे. हा ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेनची मुदत संपली की त्यावरच्या मेलही बंद पडतात, आणि मग पासवर्ड बदलण्याचा दुवा जिथे येणार तो इनबॉक्सच उघडत नाही. कंपनीसाठी वेगळा जीमेल काढा, त्याचा पासवर्ड मालक आणि हिशेब पाहणारी व्यक्ती अशा दोघांकडे ठेवा, आणि तोच ईमेल इथे द्या.

डोमेन दुसऱ्याच्या खात्यात असेल तर संबंध चांगले आहेत तोवरच मागून घ्या. 'ऑथ कोड' (डोमेन दुसरीकडे न्यायला लागणारा सांकेतिक शब्द) असं म्हणूनच मागा, म्हणजे समोरच्याला नेमकं काय हवं ते कळेल. डॉट कॉम डोमेन नोंदणीपासून किंवा आधीच्या स्थलांतरापासून ६० दिवसांच्या आत दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

डॉट इन घ्यावं की डॉट कॉम, यात फार अडकू नका. गिऱ्हाईक भारतातलं असेल तर डॉट इन उत्तम. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं आणि मला ते फार आवडतं, पण त्यावरचे ईमेल पत्ते अजून सगळीकडे चालत नाहीत. ते घ्या, पण मुख्य पत्त्याकडे वळवून ठेवा.

पायरी २ : ब्लॉग वेबसाइटच्या पोटात की शेजारी?

कंपनीची वेबसाइट आधीच असेल तर ब्लॉगचे दोन पत्ते होऊ शकतात. एक म्हणजे मुख्य पत्त्यापुढे स्लॅश देऊन 'ब्लॉग', याला फोल्डर म्हणू. दुसरा म्हणजे मुख्य पत्त्याआधी 'ब्लॉग' आणि टिंब, हा सबडोमेन. कोणता गूगलला जास्त आवडतो यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. गूगलच्या माणसांनी दोन्ही चालतात असं वारंवार सांगितलं आहे, तेव्हा निर्णय सोयीवर घ्या.

मुख्य साइट वर्डप्रेसवर असेल तर फोल्डर घ्या, कारण ब्लॉग त्यातच आहे. येवल्याच्या पैठणीवाल्याचं ऑनलाइन दुकान शॉपिफायवर असेल तर तिथेही ब्लॉगची सोय आतच मिळते. मुख्य साइट कोणीतरी हाताने लिहून दिलेली साधी चार पानं असतील आणि तिला हात लावायची भीती वाटत असेल, तर सबडोमेन घ्या. तो वेगळ्या यंत्रणेवर चालतो आणि जुन्या साइटला धक्का लागत नाही. ब्लॉगसाठी तिसरंच, नवं डोमेन मात्र घेऊ नका. दोन नूतनीकरणं सांभाळावी लागतात, आणि वाचणाऱ्याला ही कोणाची साइट हे कळत नाही.

पायरी ३ : लिहिणार कोण, सांभाळणार कोण?

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. लेख टाकणारी व्यक्ती कार्यालयातली असेल आणि फोनवरून टाइप करणार असेल, तर तिला फोनवर नीट चालणारी यंत्रणा हवी. वर्डप्रेसचं अ‍ॅप आहे. ब्लॉगर फोनच्या ब्राउझरमध्ये चालतो. फाइल लिहून गिटमधून (प्रोग्रामर फाइलींच्या आवृत्त्या सांभाळायला वापरतात त्या साधनातून) चढवायची पद्धत कॉलेज रोडच्या आयटी कंपनीत चालेल, सिन्नरच्या फाउंड्रीत नाही.

सांभाळणारा वेगळा असतो. स्वतःच्या होस्टिंगवर (साइट ठेवायला सर्व्हरवर भाड्याने घेतलेल्या जागेवर) वर्डप्रेस ठेवलं तर सॉफ्टवेअर, थीम आणि प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी) अद्ययावत ठेवणारं कोणीतरी लागतं. वर्डप्रेसच्या साइटमध्ये घुसखोरी होते ती बहुतेक वेळा जुन्या, दुर्लक्षित प्लगइनमधून. महिन्यातून एकदा बसणारा माणूस नेमता येत नसेल तर स्वतःचं वर्डप्रेस ठेवू नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण घुसखोरी झालेली साइट गिऱ्हाइकाला भलत्याच पानावर नेते, आणि ते कंपनीला कळायला बऱ्याचदा आठवडे जातात.

पायरी ४ : आता जागा निवडा

सगळ्यात कमी कटकटीचा पर्याय ब्लॉगर आहे. १९९९ साली सुरू झालेली ही सेवा २००३ मध्ये गूगलने घेतली. होस्टिंग फुकट, तुमचं डोमेन जोडणं फुकट, कुलपाचं चिन्ह दाखवणारं एसएसएलही फुकट. दिसायला तो जुनाट वाटतो, आणि गूगलने त्यात बऱ्याच काळात मोठं नवं काही केलेलं नाही. तरी ज्यांना महिन्याला एखाद-दुसरा लेख टाकायचा आहे आणि तांत्रिक माणूस जवळ नाही, त्यांना मी आधी हाच सुचवतो. अट एकच, पहिल्याच दिवशी स्वतःचं डोमेन जोडा आणि दोन प्रशासक ठेवा. 'ब्लॉगस्पॉट'चा फुकट पत्ता कार्डावर छापू नका.

वर्डप्रेसच्या नावाखाली दोन गोष्टी आहेत आणि नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. वर्डप्रेस हे २००३ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर, ते कोणत्याही होस्टिंगवर चढवता येतं. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक या कंपनीची सेवा, तिथे होस्टिंग आणि देखभाल त्यांची, पण स्वतःचं डोमेन जोडायला पैसे भरून योजना घ्यावी लागते. सांभाळणारा माणूस असेल तर पहिला पर्याय, नसेल तर दुसरा. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. त्यामुळे उद्या तुमचा माणूस सोडून गेला तरी नाशिकमध्येच दुसरा मिळेल, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा.

विक्ससारख्या सेवांमध्ये साइट पटकन उभी राहते आणि देखणी दिसते. पण तिथे बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टवर चालवता येत नाही, हे विक्सच्याच मदतपानावर लिहिलेलं आहे. तिथे आधीच दुकान मांडलं असेल तर ब्लॉग तिथेच चालू द्या, फक्त प्रत्येक लेखाची एक प्रत बाहेर जपा. नव्याने सुरुवात करत असाल तर मी नको म्हणेन.

मीडियम, सबस्टॅक आणि लिंक्डइन यांचं आकर्षण असतं, कारण वाचक तिथे आयते मिळतील असं वाटतं. मीडियमवर वाचणाऱ्याला जागोजागी साइन-इनची पाटी आडवी येते. निफाडच्या बागायतदाराने तुमचा छाटणीवरचा लेख उघडला आणि त्याच्यापुढे खातं काढायची अट आली, तर तो तिथूनच मागे फिरेल. सबस्टॅक ईमेलने जाणाऱ्या पत्रासाठी चांगलं आहे, तिथे स्वतःचं डोमेन जोडायला एकदाच ५० डॉलर घेतात. आपल्याकडे गिऱ्हाईक मेलपेक्षा व्हॉट्सअ‍ॅप जास्त पाहतं, हे त्यात धरा.

फेसबुक पेज किंवा व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल हेच ब्लॉगचं घर करू नका. फेसबुकच्या 'नोट्स'मध्ये कित्येक मराठी माणसांनी मोठे, कष्टाने लिहिलेले लेख ठेवले होते. २०२० च्या ऑक्टोबरअखेर ती सोय बंद झाली. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं, त्याआधी सप्टेंबर २०१४ मध्ये ऑर्कुट. या जागा लोकांपर्यंत पोचायला वापरा, लेखाचं मूळ मात्र तुमच्या पत्त्यावर राहू द्या.

संगणकाची जाण असलेली टीम असेल तर स्थिर साइट हा फार सुंदर पर्याय आहे. ह्युगो किंवा जेकिलसारखी साधनं आधीच तयार पानं बनवून देतात. डेटाबेस नाही, त्यामुळे फोडायला फारसं काही नाही, आणि पान झटकन उघडतं. ठेवायला क्लाउडफ्लेअर पेजेस चांगलं. फुकट योजना घेताना अटी वाचा. व्हर्सेलची फुकट योजना व्यावसायिक वापरासाठी नाही, आणि गिटहब पेजेसवर ऑनलाइन व्यवसाय चालवायला मनाई आहे.

कार्यालयातल्या संगणकावर सर्व्हर चालवायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. वीज जाते, ब्रॉडबँडचा आयपी पत्ता बदलतो, आणि शनिवारी रात्री तो संगणक पुन्हा चालू करायला कोणी नसतं.

सर्व्हर कुठल्या शहरात असावा, हेही विचारलं जातं. तुमचे वाचक महाराष्ट्रातले असतील तर मुंबईत केंद्र असलेलं होस्टिंग घ्या. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत एकदा जाऊन यायलाच पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि एक पान उघडताना अशा कितीतरी फेऱ्या होतात. त्र्यंबकेश्वर-पंचवटी परिसरात हॉटेल, होमस्टे किंवा गाड्यांचा व्यवसाय असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. सिंहस्थाची मुख्य शाही स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. वाहनतळ आणि घाटांच्या वाटा सांगणारा तुमचा लेख त्या आठवड्यात अचानक हजारो लोक उघडतील, आणि स्वस्तातलं सामायिक होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) नेमकं तेव्हाच कोलमडेल. असा व्यवसाय असेल तर ब्लॉगर, स्थिर साइट, किंवा वर्डप्रेसपुढे क्लाउडफ्लेअर (पानांच्या प्रती ठेवून गर्दीचा भार स्वतः झेलणारी सेवा), यांपैकी एक आत्ताच करून ठेवा.

पायरी ५ : खर्च, पण दुसऱ्या वर्षाचा

होस्टिंगच्या जाहिरातीतला आकडा पहिल्या मुदतीचा असतो. नूतनीकरणाचा दर त्याच पानावर बारीक अक्षरात असतो आणि तो बऱ्याचदा दुपटीच्या पुढे जातो. तुलना करताना तोच आकडा घ्या. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. भारतीय पुरवठादाराकडून तुमच्या जीएसटी क्रमांकाचं बिल घेतलं तर इनपुट क्रेडिट मिळतं. परदेशी कंपनीकडून घेतलं तर रिव्हर्स चार्जने कर तुम्हाला भरावा लागतो, म्हणून सीएंना आधी विचारा.

एक खास आपल्याकडची अडचण. रिझर्व्ह बँकेचे आपोआप वसुलीचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले, आणि तेव्हापासून परदेशी सेवांची वसुली भारतीय कार्डावरून कित्येकदा नाकारली जाते. 'ऑटो रिन्यू' चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डोमेन एकदम काही वर्षांसाठी घ्या आणि मुदतीची तारीख कार्यालयातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहा.

पायरी ६ : मराठीची तयारी

मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस पत्ताही मराठीत बनवतं. दिसायला छान, पण तो दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की बहुधा टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक रांग होते. कारण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ रोमन अक्षरांचं होतं. 'द्राक्ष' या एका शब्दात काना आणि हलन्त धरून सात चिन्हं आहेत, म्हणजे ६३ अक्षरं. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० अक्षरांवर तोडतं, त्यामुळे साधारण बावीस चिन्हांनंतर तुमचं शीर्षक मध्येच कापलं जातं. लेखाचं शीर्षक मराठीतच ठेवा, पत्ता मात्र रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा, हाताने लिहा. आणि प्रकाशित करण्याआधी लिहा, नंतर बदलू नका.

साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी निवडा. तसं केलं आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. गूगल फॉन्ट्समधला 'टिरो देवनागरी मराठी' त्यासाठीच केलेला आहे.

जुन्या माहितीपत्रकांचा मजकूर बहुधा श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप केलेला असतो. तो तसाच चिकटवला तर पडद्यावर निरर्थक चिन्हं उमटतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला, कारण रूपांतरात तेच जास्त बिघडतात.

पायरी ७ : डोमेन जोडताना मेल जपा

ब्लॉग जोडण्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनवरची साइट आणि मेल कुठे आहे हे सांगणाऱ्या यादीत, एखादी नोंद करावी लागते. सबडोमेनसाठी बहुधा 'सीनेम' प्रकारची एक नोंद पुरते. पण काही सेवा सांगतात की नेमसर्व्हरच (ही सगळी यादी जिथे असते ती जागा) आमच्याकडे वळवा. तसं करताना जुन्या यादीतल्या 'एमएक्स' नोंदी (मेल कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या) नव्या जागी नेल्या नाहीत, तर कंपनीची मेल बंद पडते. चौकशीची मेल आली नाही हे तुम्हाला कळतच नाही, कारण न आलेली मेल दिसत नसते. पाठवणाऱ्याला वाटतं की तुम्ही उत्तर दिलं नाही.

म्हणून नेमसर्व्हर बदलण्याआधी सगळ्या डीएनएस नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या. 'एमएक्स' आणि 'टीएक्सटी' प्रकारच्या नोंदी नव्या जागी अक्षरशः तशाच उतरवा. काम सोमवारी सकाळी करू नका, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी करा. झाल्यावर बाहेरच्या एखाद्या पत्त्यावरून कंपनीला मेल पाठवून पाहा आणि कंपनीकडूनही बाहेर पाठवा.

पायरी ८ : हलवायची तालीम

ब्लॉगवर पाचेक लेख झाले की एकदा सगळं बाहेर काढून पाहा. वर्डप्रेसमध्ये 'टूल्स'खाली 'एक्सपोर्ट' आहे. त्यातून मिळणाऱ्या फाइलीत मजकूर असतो, पण फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. जुनी साइट बंद झाल्यावर ती फाइल उघडली तर फोटो गेलेले असतात. 'अपलोड्स' फोल्डर वेगळं उतरवून घ्या, नाहीतर पूर्ण बॅकअप घेणारं प्लगइन लावा आणि त्याची प्रत होस्टिंगच्या बाहेर, कंपनीच्या ड्राइव्हवर ठेवा. ब्लॉगरच्या सेटिंगमध्येही बॅकअप आहे, आणि मीडियम तुमचे लेख एका झिप फाइलीत देतं.

पायरी ९ : आधीच कुठे लिहिलं असेल तर

लेख आधीच लिंक्डइन किंवा फेसबुकवर विखुरलेले असतील तर सगळे एकदम हलवायच्या मागे लागू नका. ज्यांच्याबद्दल गिऱ्हाइकं अजून विचारतात ते निवडा, थोडे ताजे करा, आणि तुमच्या पत्त्यावर ठेवा. जुन्या जागी खाली नव्या लेखाचा दुवा द्या. मीडियमवरही प्रत ठेवायची असेल तर त्यांच्या 'इम्पोर्ट' सोयीने घ्या, म्हणजे मूळ लेख तुमच्या साइटवर आहे हे 'कॅनॉनिकल' खुणेने गूगलला आपोआप सांगितलं जातं.

आणि जुना ब्लॉग स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर असेल तर प्रत्येक जुन्या पानावरून नेमक्या त्याच नव्या पानाकडे '३०१' वळण (पत्ता कायमचा बदलला असं सांगून आपोआप पुढे नेणारं) लावा. सगळी जुनी पानं मुख्य पानाकडे वळवणं हा आळस आहे, वाचणाऱ्याला हवं ते सापडत नाही. ही वळणं निदान एक वर्ष ठेवा असं गूगल सांगतं. द्राक्षावरचे लेख असतील तर मी आणखी लांब ठेवीन, कारण छाटणीवरचा लेख जतन करून ठेवलेला शेतकरी तो उघडतो पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात, आणि कधीकधी त्याच्याही पुढच्या.